उजेडाचा पडदा

त्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथले मोठे साहेब मला घ्यायला स्वतः गेटपर्यंत आले होते. फरीदाबादला गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना. मी गुरुग्रामच्या एका सेन्सर विकणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. आमच्या कंपनीचे सेन्सर कुठे कुठे असायचे, पण माझ्याकडे फक्त उजेड ओळखणारे होते. ते बसवायचे, तपासायचे, आणि बिघडले की ओरडा ऐकायला जायचं.

साहेब पन्नाशीचे होते. आवाज इतका मऊ की प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, त्यांचं बोलणं ऐकायला सगळ्यांना वाकावं लागायचं, आणि लोक वाकायचेही. मला पहिल्या मिनिटापासून ‘बेटा’ म्हणायला लागले. केबिनमध्ये चहा आला, बिस्किटं आली, मग त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर ते थोडे थांबले. म्हणाले, “नागपूर साइड? अच्छा, अच्छा. आप लोगों ने बहुत तरक्की कर ली है. अच्छी बात है.”

दिल्लीच्या सरकारी कॉलनीत वाढलेल्या मुलीला हे वाक्य नवीन नसतं. माझे वडील मंत्रालयात नोकरीला होते. शाळेतल्या बाईंपासून शेजारच्या अंकलपर्यंत सगळ्यांनी हे कौतुक आमच्या घरी पोचवलं होतं. ‘आप लोग’ म्हणजे कोण, ते विचारायची गरज कधी पडली नाही. मी चहा संपवला आणि कामाला लागले.

आम्ही बसवत होतो त्याला लाइट कर्टन म्हणतात. प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन खांब उभे करायचे. एका खांबात बारीक दिव्यांची रांग असते, समोरच्या खांबात तो उजेड टिपणाऱ्या डोळ्यांची. उजेड आपल्याला दिसत नाही, पण दोन खांबांच्या मधे त्याचा पडदा ताणलेला असतो. कुणाचा हात त्या पडद्यातून आत गेला की समोरच्या एखाद्या डोळ्यापर्यंत उजेड पोचत नाही, आणि वरून येणारी प्रेस जागच्या जागी थांबते. सगळा उजेड पोचत असेल तर खांबावर हिरवा दिवा, अडला तर लाल. इतकं साधं आहे.

तिथे त्याची गरज होती हे कुणालाही दिसलं असतं. त्या हॉलमध्ये जमीन सतत हादरायची आणि तेलाचा वास कपड्यांत बसायचा. प्रेसवर काम करणाऱ्यांत धड दोन्ही हात असलेली माणसं शोधावी लागत. कुणाची करंगळी नव्हती, कुणाची दोन बोटं पेरापासून गेलेली. सुपरवायझर लोकांनी त्यांची नावंच तशी पाडली होती. एकाला सगळे ‘नौ’ म्हणत. एकाचा फक्त अंगठा उरला होता, तर त्याला ‘ठेंगा’. साहेबांनी मला ही नावं हसत सांगितली, घरातल्या मुलांची लाडाची नावं सांगावीत तशी. मग म्हणाले की आता मोठ्या गिऱ्हाइकाची अट आहे, सेन्सर लावल्याशिवाय ऑर्डर नाही.

पहिला सेन्सर बसला तेव्हा त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. मी नेहमीसारखी काळी दांडी घेतली. पडदा तपासायचा तो दांडीनेच, तसा नियम आहे. प्रेस चालू केली, दांडी आत घातली, प्रेस थांबली, दिवा लाल झाला. साहेबांना ते पसंत पडलं नाही.

“लकड़ी से क्या पता चलेगा, बेटा. इनको भरोसा होना चाहिए.”

त्यांनी घोळक्यावरून नजर फिरवली. सगळे जमिनीकडे बघायला लागले. एक बाई तेवढी खाली बघत नव्हती. ती नवीन होती, खाली बघायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी तिला बोटाने बोलावलं. मी म्हटलं, सर, हाताने दाखवायची पद्धत नाही, गरजही नाही. ते माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले की तुझ्याच मशीनवर तुझा भरोसा नाही का? आणि त्या बाईला म्हणाले, “डाल.”

तिने हात घातला. सलवार-कमीझवर कंपनीचा निळा शर्ट, बारीक अंगकाठी, वय पंचविशीचं असेल. वरून येणारी प्रेस थांबली. टाळ्या वाजल्या, साहेबांनीही वाजवल्या. तिने हात बाहेर काढला आणि ओढणीला पुसला, जसं काही तो ओला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी शेडच्या बाहेर आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर ती मागे उभी.

“ताई, तुम्ही नागपूरकडच्या काय?”

मी हो म्हटल्यावर तिने आडनाव विचारलं. ऐकून आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “जय भीम.” मीही म्हटलं. मग ती एकदम मोकळी झाली. गोंदियाकडचं गाव. नवरा वेल्डर, तो आधी इथे आला, मग ती. मुलगी पहिलीत होती. ठेकेदारामार्फत ती प्रेसवर लागली होती. माझ्या बोलण्यात दर वाक्याला ‘बिल्कुल’ आणि ‘अच्छा’ यायचं, त्याचं तिला हसू आलं. म्हणाली, “तुमची मराठी मेट्रोतली हाय.” मग तिने विचारलं की त्या खांबाला हात दिसतो कसा. मी सांगितलं की त्याला हात दिसत नाही. उजेड पोचला की नाही पोचला, एवढंच त्याला कळतं. तिने थोडा विचार केला. “म्हणजे माह्या हाताशी त्याचं काही देणंघेणं नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, नसू दे, पण दिवा हिरवा असेल तर पडदा चालू आहे असं समजायचं.

तिने माझा नंबर घेतला. दिवाळीला तिचा मेसेज आला, फुलांचं चित्र होतं.

थंडी सुरू झाली होती, हवा खराब होती, शाळा बंद केल्या होत्या. तेव्हा आमच्या कंपनीतल्या माझ्या बॉसचा फोन आला. फरीदाबादच्या त्या प्लांटमध्ये एका कामगाराचा हात प्रेसमध्ये गेला होता आणि ते म्हणत होते की सेन्सर चालला नाही. बॉस घाबरला होता. मला म्हणाला, आजच जा, नीट तपास. आपला माल चांगला होता हे दिसलं नाही तर आपण दोघंही घरी बसू.

धुरक्यातून टॅक्सी कशीबशी पोचली. या वेळी साहेब गेटवर नव्हते, शॉपमध्ये होते. बरोबर शिफ्टचा सुपरवायझर आणि ठेकेदार. ती प्रेस बंद होती, बाजूच्या सगळ्या चालू होत्या. बंद प्रेसचा साचा पुसून लख्ख केला होता, इतका की तो नवीन वाटत होता. हात कुणाचा गेला हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी आधी मशीन बघितलं, तशीच सवय होती.

काय झालं ते मला तपासण्याआधीच दिसलं. दोन्ही खांबांच्या पट्ट्या सैल करून ते वर आणि मागे सरकवले होते. समोरासमोर होते, अगदी सरळ रेषेत. वीज दिल्याबरोबर हिरवा दिवा लागला. एका खांबाचा उजेड दुसऱ्यापर्यंत बिनअडथळा पोचत होता, कारण तो जिथून जात होता तिथे कुणाचा हात कधी जाणारच नव्हता. हात जायचा तो पडद्याच्या खालून.

असं का करतात हेही मला माहीत होतं. पडदा बरोबर जागी असला की प्रत्येक वेळी हात पूर्ण बाहेर येईपर्यंत प्रेस थांबते, आणि तेवढा माल कमी निघतो. पडदा काढून टाकला तर गिऱ्हाइकाच्या पाहुण्यांना दिसतं. सरकवला तर दिसत नाही, वर हिरवा दिवा.

मी दांडीने दाखवलं. पडदा होता तिथे दांडी घातली, दिवा लाल. हात जातो तिथे घातली, दिवा हिरवाच. साहेबांनी मला हिंदीत प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता.

“तर सेन्सर ठीक आहे?”

“ठीक आहे, सर. जागा चुकीची आहे. कुणीतरी सरकवलाय.”

“आपोआप सरकू शकतो?”

“नाही.”

“सरकवायला इलेक्ट्रिशियन लागतो?”

“नाही. वायरिंगला हात लावावा लागत नाही.”

“म्हणजे मशीनवर उभा असलेला कोणीही करू शकतो.”

मी म्हटलं, ॲलन की, म्हणजे पट्ट्यांचे स्क्रू सैल करायची छोटी किल्ली, हातात असेल तर कुणीही. आणि लगेच पुढे सांगितलं की पलीकडच्या दोन प्रेसवरही खांब असेच सरकवलेले मला इथून दिसताहेत, त्यामुळे हे एका माणसाचं काम नाही, वरून सांगितल्याशिवाय असं होत नाही. हे मी मोठ्या आवाजात सांगितलं, सुपरवायझर ऐकत होता, ठेकेदार ऐकत होता. साहेबांनी मान डोलावली. “वो हम देख लेंगे, बेटा. आपने हमारी आँखें खोल दीं.”

केबिनमध्ये पुन्हा चहा, पुन्हा बिस्किटं. तेव्हा मी विचारलं की कुणाचा हात होता. त्यांनी प्लेट माझ्याकडे सरकवली.

“नई लड़की थी. आप ही की तरफ़ की. पहले दिन डेमो उसी ने तो दिया था.”

मी हातातलं बिस्किट प्लेटमध्ये परत ठेवलं. ती कुठे आहे विचारलं तर म्हणाले, सरकारी दवाखान्यात, ठेकेदार बघतोय, काळजी करू नका. माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण खूप आपुलकीने म्हणाले की या लोकांना कितीही शिकवा, काम लवकर उरकायच्या नादात स्वतःच स्वतःचा घात करतात. तेव्हाही मला कळलं नाही की त्यांनी निर्णय घेऊन टाकला होता. मला ते नेहमीचं बोलणं वाटलं.

दवाखान्यात मला भेटू दिलं नाही. ऑपरेशन होतं. मी तिच्या नवऱ्याला बाहेर शोधलं, तो सापडला नाही. बॉसला फोन केला, तो खूश झाला, म्हणाला, शाबास, आपण सुटलो.

दोन-चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज औषधांनी जड झाला होता.

“ताई, तुम्ही साहेबाले काय सांगतलं?”

मी विचारलं, का, काय झालं?

“साहेब म्हणते, मॅडमनं तपासलं. मॅडम म्हणते हिनंच खांब सरकवले. तुमी असं म्हटलं?”

मी नाही म्हटलं. कुणीही करू शकतं एवढंच म्हटलं होतं, आणि बाकीच्या प्रेसचंही सांगितलं होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “ताई, हिरवा दिवा होता. मी दिवा पाहूनच हात घातला.” उजव्या हाताची चारही बोटं गेली होती, अंगठा राहिला होता. तिच्याकडे ॲलन की कधी नव्हती. ती काय असते हेही मला तिला फोनवर समजावून सांगावं लागलं.

मी त्याच संध्याकाळी बॉसच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझं बोलणं अर्धं वापरलंय, मला प्लांटला लिहून कळवायचंय की हे ऑपरेटरचं काम नाही. बॉस चांगला माणूस होता, म्हणजे मुलांच्या वाढदिवसाला ऑफिसात केक आणणारा. त्याने माझं सगळं ऐकलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्या प्लांटने उरलेल्या सगळ्या प्रेससाठी सेन्सर मागवले होते, आमच्याकडूनच. अपघातानंतर साहेबांना सुरक्षेचं महत्त्व पटलं होतं. बॉस म्हणाला, “तू काय सिद्ध केलंस, सेन्सर चांगला आहे. ते खरं आहे ना? मग खऱ्यावरच थांब.”

मी थांबले नाही. कामगारांच्या तक्रारी जिथे घेतात त्या सरकारी ऑफिसात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने मला बसवून सगळं ऐकलं, अधूनमधून ‘हूं’ म्हणाला. शेवटी त्याने विचारलं की तुमचा या बाईशी संबंध काय. मी म्हटलं, तिथे सेन्सर मी बसवला. तो म्हणाला, “हाथ तो आपका सलामत है न, मैडम? जिसका गया है, उसको लाइए.”

तिला आणायला मी तिच्या खोलीवर गेले. कारखान्यांच्या मागे लांबच लांब चाळीसारख्या खोल्या, मधे गटार, वर वाळत घातलेले निळे शर्ट. हाताला जाड पट्टी होती आणि ती डाव्या हाताने पीठ मळत होती. पातेलं सरकू नये म्हणून तिने ते दोन पायांत धरलं होतं. मी बसले. नवरा दारात उभा राहिला, आत आला नाही. मी सांगितलं की मी तुमच्याबरोबर येते, जे बघितलं ते सगळं सांगते, बाकीच्या दोन प्रेसचंही सांगते.

नवरा हिंदीत बोलला, जणू माझ्याशी मराठीत बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. म्हणाला की आदल्या दिवशी सुपरवायझर येऊन गेला. साहेब मोठ्या मनाचे आहेत. चूक तिची असूनही ते तिला कामावर ठेवायला तयार आहेत. मशीनवर नाही, हलकं काम. फक्त चूक तिची होती हे तिने मान्य करायचं. नाही केलं तर ठेकेदार म्हणेल ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच.

“एक हाथ वाली औरत को और कौन काम देता है, मैडम? आप देंगी?”

मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, “ताई, तुमी काहून आल्या इतक्या दूर. चहा घ्या.” आणि तिने तो डाव्या हाताने केला. मला उठून तिच्या हातातून भांडं घ्यावंसं वाटत होतं, पण तिने नजरेनेच बसायला सांगितलं. चहा झाल्यावर नवऱ्याने चप्पल घातली आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत एकच बोलला, की तुम्ही सांगितलं नसतं तर सेन्सर खराब होता असंच राहिलं असतं. यंत्रावर गेलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त मला समजावून देत होता.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला उरलेले सेन्सर बसवायचे होते. मी नको म्हणाले तर बॉसने दुसऱ्या कुणाला पाठवायला नकार दिला. साहेबांनी नाव घेऊन मला मागितलं होतं. बसवून झाल्यावर सगळ्या ऑपरेटरांना माहिती द्यायची होती. ट्रेनिंग हॉल नवीन रंगवलेला, भिंतीवर सुरक्षेच्या घोषणा, कूलर लावलेले. साहेबांनी माझी ओळख करून दिली. मग म्हणाले की मॅडमच्या आधी आपण एकीचं ऐकू, आपल्याच परिवारातली आहे.

ती मागच्या दाराने आली. निळा शर्ट धुवून इस्त्री केलेला, केस चापून बसवलेले. माझ्याकडे बघितलं नाही. पुढे येऊन उभी राहिली आणि उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा. अंगठा होता, बाकी जागा गुलाबी, ओढलेल्या कातडीची.

“मेरा नाम सब जानते हैं. मैंने जल्दी काम करने के लिए सेंसर हटा दिया था. गलती मेरी थी. साहब ने बहुत समझाया था. मेरे जैसा मत करना.”

एका दमात बोलली, कुठे थांबायचं तेही पाठ असल्यासारखी. समोर नव्याने भरती झालेली पोरंपोरी होती. पहिल्या रांगेतली एक मुलगी तोंडावर हात धरून बसली. साहेब म्हणाले, “हाथ थोड़ा ऊपर, बेटा, पीछेवालों को दिखे.” तिने हात आणखी वर केला. मागच्यांनी उठून बघितलं. नंतर मला कळलं की दर नव्या तुकडीपुढे हे होतं. तिचं हलकं काम हेच होतं. उरलेल्या वेळात ती हॉल झाडायची.

मग साहेबांनी मला पुढे बोलावलं. मी ठरवलं होतं की नाही ते मला माहीत नाही, पण उठताना माझ्या तोंडातून पहिलं वाक्य बाहेर पडलं, की सेन्सर ऑपरेटर हलवत नसतो. हिंदीत, माइकशिवाय. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, मान मात्र माझ्याकडे वळली.

तेव्हा ती माझ्याजवळ आली. हसत होती. डावा हात माझ्या दंडावर ठेवला आणि मराठीत बोलली, खेळीमेळीने, जशी काही माझी विचारपूस करत होती.

“ताई, हसत राहा. पुढं काही बोलू नोका. तुमी तुमच्या घरी जासाल. मले उद्या इथं याचं हाय.”

साहेबांनी विचारलं, ती काय म्हणाली. तिनेच हिंदीत सांगितलं की मॅडम आमच्याकडच्या आहेत, मी त्यांचे आभार मानले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हॉलने वाजवल्या.

मी माहिती दिली. एका खांबात दिवे असतात, दुसऱ्यात उजेड टिपणारे डोळे, मधे पडदा. खांब कुणालाही सरकवू देऊ नका, कुणी सांगितलं तरी, मोठ्यातल्या मोठ्याने सांगितलं तरी, एवढं मी म्हटलं. ती झाडू घेऊन मागच्या भिंतीशी उभी होती आणि संपूर्ण वेळ माझ्याकडे अशी बघत होती की मी पुढचं वाक्य गिळत गेले. बाहेर पडताना साहेबांनी मला मिठाईचा डबा दिला. म्हणाले, तिच्यामुळे पोरं किती सावध झालीत, एका हाताने किती हात वाचले बघा. ते त्यांना मनापासून वाटत होतं.

त्या पावसाळ्यात मी ती नोकरी सोडली. आता एका कंपनीत आहे जिथे आम्ही रस्त्यावरचे दिवे अंधार पडला की आपोआप लागावेत म्हणून सेन्सर बनवतो. त्यात कुणाचा हात जात नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं होतं. आईने फार प्रश्न विचारले नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता, तेव्हा तिने हट्ट धरला की त्या पोरीला बोलव, जेवायला तरी येईल, चार आपली माणसं भेटतील. मी फोन केला. वाटलं नव्हतं, पण ती आली. नवरा नव्हता, मुलगी होती. पांढरी साडी, पदर उजव्या हातावर ओढून घेतलेला. मेट्रोने आल्या होत्या दोघी, मुलगी फार खुशीत होती.

वंदना झाली, भाषणं झाली, पंगतीत आम्ही शेजारी बसलो. समोर आईच्या ओळखीच्या दोघी-तिघी बायका, मंत्रालयातून निवृत्त झालेल्या, चांगल्या घरच्या. ती डाव्या हाताने खायला लागली तेव्हा एकीचं लक्ष गेलं, पदर सरकला होता. त्या बाईने विचारलं, “अगंबाई, हे काय झालं?”

तिने तोंडातला घास संपवायच्या आत मुलगी बोलली. हिंदीतच, तिला मराठी समजायची पण ती बोलायची नाही. शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी सरळ बसून म्हणाली, “मम्मी ने जल्दी काम करने के लिए सेंसर हटा दिया था. गलती मम्मी की थी.”

बायकांनी हळहळून मान हलवली. एक म्हणाली, शिक्षण नसलं की असं होतं. दुसरी तिलाच म्हणाली, असं कसं गं केलंस, इतकी लहान पोर असताना. ती म्हणाली, “हो जी, झालं मग.”

इथे साहेब नव्हते, ठेकेदार नव्हता, फरीदाबादचं कुणीच नव्हतं. मी म्हटलं, तिने काही केलं नाही. खांब कारखान्याच्या माणसांनी सरकवले होते, मी स्वतः बघितलंय. हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. बायका माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघू लागल्या.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. वाटीतली खीर मुलीच्या पानाजवळ सरकवली. “ताईचं मन मोठं हाय, म्हणून तशा बोलते,” ती बायकांना म्हणाली. “मीच सरकवले होते.”

नंतर नळाशी हात धुताना मी तिला विचारलं की निदान पोरीला तरी खरं का सांगितलं नाही. ती डाव्या हाताने चूळ भरत होती. म्हणाली की पोरीच्या वर्गात सुपरवायझरची पोरगी आहे. पोराच्या पोटात काही राहत नाही. आणि घरात एक, बाहेर एक बोलायला गेलं तर कधीतरी तिच्याच तोंडून चुकून निघेल. एकच ठेवलं की बरं.

मुलगी मागेच उभी होती, कधी आली कळलं नाही. मराठी तिला समजायची, पण सगळी नाही. तिने आईचा पदर ओढला आणि माझ्याकडे बघत विचारलं, “मम्मी, आंटी झूठ क्यों बोल रही थी?”

आईने तिचं तोंड ओल्या हाताने पुसलं.

“आंटी को मालूम नहीं है, बेटा,” ती म्हणाली.